आधी फोटोची तारीख बघा, मग गळ भरा

मागच्या दिवाळीनंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या धामोडच्या तुळशी धरणावर पहाटेपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत मी पाणगवत हुडकत होतो. उपग्रहाच्या फोटोत काठाला मस्त हिरवा पट्टा दिसला होता. मरळ मासा अशाच झाडोऱ्याच्या कडेला दबा धरून बसतो, म्हणून तिथं पिन टाकून ठेवली. शेवटी म्हसरं घेऊन आलेल्या मामांना मोबाईल दाखवला. ते हसले, "ही गाळपेर हाय की! उन्हाळ्यातला मका." पाणी हटल्यावर धरणाच्या गाळात पेरलेल्या त्या मक्यावर आता दोन पुरुष पाणी होतं. फोटो मे महिन्यातला, मी गेलो नोव्हेंबरात.

तेव्हापासून जायच्या आदल्या रात्री कॉम्प्युटरवर बसायचं. मोबाईलच्या नकाशात फोटोची तारीख दिसत नाही. गूगल अर्थ प्रो फुकट मिळतं, त्यात खाली तारीख येते आणि घड्याळाच्या चिन्हावर जुने फोटोही उघडतात. पण झूम केलं किंवा नकाशा जरा सरकवला की वेगळ्या दिवसाचा तुकडा येऊ शकतो. म्हणजे पिन टाकताना परत तारीख बघायची. आळस करू नका, मी केला होता.

फोटो दोन लागतात. एक एप्रिल-मेचा, पाणी तळाला गेलेला. त्यात धरणाचं पोट उघडं पडतं: जुन्या ओढ्याची वाकणं, शेताचे बांध, बुडालेली गाडीवाट, खडकाची सोंड. ओढा काठाजवळून वळतो तिथं उथळाला लागून खोल पाणी मिळतं. ती जागा पहिली. दुसरा फोटो तुम्ही जाणार त्या दिवसांतल्या पाण्याचा. त्यासाठी सेंटिनेल-२ या उपग्रहाचे फोटो बघा, साधारण पाच दिवसांनी नवा येतो. 10 मीटरचा एक ठिपका, त्यामुळे बुंधा-बिंधा दिसणार नाही, पण पाण्याची रेघ कुठवर आली ते कळतं. पावसाळ्यात नुसते ढग दिसतील, नाद सोडा. मग मेच्या फोटोतली खूण आजच्या रेघेपासून किती आत आहे ते गूगल अर्थमधल्या मोजपट्टीनं मोजा. काठावरून पंचवीस मीटरच्या पुढं असेल तर फेक पोचत नाही, ती पिन उडवा.

गडद डाग दिसला की हुरळू नका. ढगाची सावली असते, डोंगराची असते. दोन वेगळ्या तारखांना तोच डाग त्याच जागी दिसला तरच तो झाडोरा असू शकतो. परत सांगतो, तारखा.

परदेशी व्हिडिओत हे सगळं बास माशासाठी सांगतात. आपल्या तळ्यांत बास नाही, पण आडोशाला बसून झडप घालायची सवय मरळाचीही तीच, म्हणून युक्ती चालते. कटला-रोहूला पाणगवत बघत बसू नका, त्यांना ओढ्याचं तोंड बघा. पावसाळ्यात मरळाच्या पिल्लांचा लालसर घोळका वर दिसला तर तिथं गळ टाकू नका, आईबाप राखण करत असतात. ते उचललेत तर पिल्लं गेली.

राधानगरी, काळम्मावाडी धरणांकडं फोटोत कितीही भारी जागा दिसली तरी लगत अभयारण्य आहे, तिकडं गळ घेऊन फिरू नका. बाकी तलावांचा ठेका बहुतेक मच्छीमार संस्थेकडं असतो. आधी विचारा. काठावर हुज्जत घालून मासा मिळत नाही.

नकाशा ऑफलाईन उतरवा, घाटाखाली रेंज जाते. पिनांचे स्क्रीनशॉट काढा. पॉवर बँक. भडंग. गाळात एकट्यानं उतरू नका. निघताना पेपरात धरणाचा साठा बघा, आणि फोटोची तारीख... बघितली ना?