यशवंतराव चव्हाण आणि वसंतराव नाईक: तुलनात्मक निबंध कसा बांधायचा

दोघांचाही जन्म १९१३ चा. यशवंतराव देवराष्ट्र्याचे, वसंतराव पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. बहुतेक निबंध इथून सुरू होतात आणि दोन चरित्रं एकाखाली एक लिहून संपतात. ती तुलना नव्हे.

लिहायला बसण्याआधी कागद आडवा धरून चार रकाने आखा: तारीख, निर्णय, त्या दिवशी दोघं कोणत्या पदावर होते, आणि त्यातलं आज काय टिकून आहे. प्रत्येकाचे सहा-सात निर्णय पुरेत. तिसरा रकाना कंटाळा न करता भरा. श्रेयाचे घोटाळे तिथेच पकडले जातात.

जिल्हा परिषदेचंच बघा. कायदा १९६१ चा, अंमल १ मे १९६२ पासून, मुख्यमंत्री यशवंतराव. म्हणून सगळं श्रेय त्यांच्या नावावर टाकलं जातं. पण ज्या समितीच्या अहवालावर हा कायदा उभा राहिला, तिचे अध्यक्ष होते तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक. पंचायत राज्यासाठी केंद्राने आधी नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीचा भर गटपातळीवरच्या पंचायत समितीवर होता. नाईक समितीने बळ दिलं ते जिल्ह्याला, आणि आमदार-खासदारांना परिषदेबाहेर ठेवा असंही सुचवलं. म्हणजे आराखडा एकाचा आणि तो सभागृहातून पार करून घेण्याची राजकीय जबाबदारी दुसऱ्याची. दोघांच्या कामाची जातकुळी दाखवणारं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही; निबंधात त्याला मोठा परिच्छेद द्या.

रोजगार हमीत गुंता वेगळा आहे. कल्पनेमागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर नेली वसंतरावांच्या सरकारने. कायदा झाला १९७७ मध्ये, तेव्हा वसंतराव मुख्यमंत्री नव्हते. ‘नाईकांनी रोजगार हमी कायदा केला’ हे वाक्य त्यामुळे चूक ठरतं. ‘योजना राबवली’ असं लिहा.

योजनांची संख्या मोजून कोण मोठा हे ठरवू नका. यशवंतराव द्वैभाषिकाचे, म्हणजे मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र असलेल्या मुंबई राज्याचे, मुख्यमंत्री झाले १ नोव्हेंबर १९५६ ला आणि चीन युद्धाच्या वेळी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यात महाराष्ट्र राज्याची वर्षं जेमतेम अडीच. वसंतराव ५ डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, अकरा वर्षांहून जास्त. मधलं मारोतराव कन्नमवारांचं वर्ष हमखास गाळलं जातं, तेही नोंदवा.

वारसा संस्थांमधून तपासा. यशवंतरावांच्या काळातली औद्योगिक विकास महामंडळ आणि साहित्य संस्कृती मंडळ ही नावं घ्या. वसंतरावांच्या काळात १९६८ ते १९७२ मध्ये राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं उभी राहिली. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारं सिडको महामंडळ आलं. संकरित ज्वारीवरचा त्यांचा भर सांगताना हेही सांगा की १९७२ ला पाऊसच नव्हता, आणि पाण्याविना सुधारित बियाणंही हात टेकतं.

टीकेचा भाग टाळला की निबंधाची गौरविका होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात द्वैभाषिकाचा कारभार यशवंतरावांनी पत्करला होता. लोकांचा राग खरा होता, तो लपवू नका. वसंतरावांच्या बाबतीत मुंबईतल्या शिवसेनेला त्यांनी दिलेल्या मोकळीकीची चर्चा करा. शिवसेनेला टोमण्याने ‘वसंतसेना’ म्हणणं तेव्हाच रूढ झालं.

परिच्छेद पाडताना व्यक्तीवार पाडू नका. सत्तेचं विकेंद्रीकरण, शेती, उद्योग, पक्षांतर्गत माणसं सांभाळणं असे विषय घ्या आणि प्रत्येकात दोघांना समोरासमोर आणा. शेवटचं पथ्य चौथ्या रकान्याचं: नाशिकच्या मुक्त विद्यापीठाला यशवंतरावांचं आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाला वसंतरावांचं नाव त्यांच्या मृत्यूनंतर दिलं गेलं. मुक्त विद्यापीठ १९८९ चं, ते यशवंतरावांच्या कामाच्या रकान्यात येऊच शकत नाही. परभणीचं येतं, पण १९७२ च्या स्थापनेमुळे, पाटीवरच्या नावामुळे नव्हे.