इअरबड्स जोडले जात नाहीत की कानात बसत नाहीत? रिसेट करण्याआधी या चुका टाळा

वायरलेस इअरबड्सचा आवाज तुटू लागला, एका बाजूने ऐकू येईनासे झाले किंवा गाणे मधूनच थांबू लागले, की बहुतेक जण लगेच सगळे काही रिसेट करतात आणि तेवढ्याने भागले नाही तर ब्लूटूथला दोष देऊन मोकळे होतात. प्रत्यक्षात या तक्रारींमागची कारणे एकमेकांपासून अगदी वेगळी असू शकतात. फोन आणि इअरबड्स यांच्यातली जोडणीची नोंद बिघडलेली असते, एखादा बड चार्जच झालेला नसतो, रेडिओ लहरींच्या वाटेत काही तरी आलेले असते किंवा बड कानात नीट बसलेलाच नसतो. यातल्या शेवटच्या कारणाचा कनेक्शनशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ‘कनेक्शन सारखे जाते’ अशी तक्रार करणाऱ्या अनेकांची खरी अडचण फिटिंगची असते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे दोष नेमका कोठे आहे हे ओळखण्यापूर्वी रिसेट करणे, ही यातली सर्वांत पहिली चूक होय.

नोंद एकाच बाजूने पुसणे

पेअरिंग करताना, म्हणजे पहिल्यांदा जोडणी करताना, फोन आणि इअरबड्स मिळून एक गुप्त सांकेतिक किल्ली तयार करतात आणि ती दोघेही आपापल्याकडे साठवून ठेवतात. पुढच्या प्रत्येक वेळी दोन्हींकडच्या किल्ल्या जुळल्या तरच कनेक्शन होते. फोन फॅक्टरी रिसेट केला, किंवा फोनला हात न लावता केवळ इअरबड्स रिसेट केले, की एका बाजूची किल्ली पुसली जाते आणि दुसऱ्या बाजूला जुनीच राहते. अशा वेळी फोनच्या ब्लूटूथ यादीत इअरबड्सचे नाव दिसते, त्यावर बोट ठेवल्यावर क्षणभर ‘कनेक्टिंग’ असे येते आणि मग पुन्हा सारे जैसे थे. या अवस्थेत त्याच नावावर पुन्हा पुन्हा बोट ठेवून काहीही साध्य होत नाही.

नोंद दोन्हीकडून पुसावी लागते. फोनच्या यादीतील नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फर्गेट’ किंवा ‘अनपेअर’ निवडावे. त्यानंतर दोन्ही बड केसमध्ये, म्हणजे त्यांच्या चार्जिंगच्या डबीत, ठेवून माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे रिसेट करावे. काही मॉडेलमध्ये केसचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते, तर काहींमध्ये दोन्ही बडना एकाच वेळी स्पर्श करून ठेवावा लागतो. येथे घाई नडते. डावा आणि उजवा बड एकमेकांशीही जोडलेले असतात आणि त्यांपैकी एकाचे चार्जिंग संपलेले असताना रिसेट केले, तर ही आपसातली जोडी तुटू शकते. मग एकाच बाजूने आवाज येतो किंवा फोनच्या यादीत डावा आणि उजवा अशी दोन नावे दिसू लागतात. तसे झाल्यास फोनमधली दोन्ही नावे काढून टाकावीत, दोन्ही बड पुरेसे चार्ज करून केसमध्ये ठेवावेत आणि रिसेट पुन्हा करावे.

नोंदी ठीक असूनही कनेक्शन होत नसेल, तर इअरबड्स दुसऱ्याच उपकरणाने पटकावलेले असण्याची शक्यता मोठी असते. केस उघडताच बड आधी कोणाशी जोडलेले होते त्याचा शोध घेतात, आणि बाजूच्या खोलीत चालू असलेला लॅपटॉप किंवा टॅब्लेट त्यांना आपल्याकडे ओढून घेतो. मल्टिपॉइंट असलेले मॉडेल सामान्यतः एका वेळी दोन उपकरणांशी जोडलेले राहते. परंतु लॅपटॉपवर एखाद्या सूचनेचा आवाज वाजला, की फोनवरचे गाणे थांबते आणि ऐकणाऱ्याला वाटते की कनेक्शन गेले. तपासणी करताना मल्टिपॉइंट बंद करावे आणि फोनखेरीज इतर उपकरणांचे ब्लूटूथही बंद ठेवावे.

अँड्रॉइड फोनमध्ये आणखी एक लहानशी खोच आहे. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या सेटिंगमध्ये कॉलचा आवाज आणि मीडियाचा आवाज यांसाठी वेगवेगळी बटणे असतात. कॉल इअरबड्समध्ये ऐकू येतात आणि गाणी मात्र फोनच्या स्पीकरवर वाजतात, अशी विचित्र स्थिती असेल तर मीडियाचे बटण बंद पडलेले असते, इतकेच.

संगणकावर ऑनलाइन बैठक सुरू होताच आवाज एकदम बोदा आणि सपाट होतो, यालाही अनेक जण बिघाड समजतात. तो बिघाड नाही. पारंपरिक ब्लूटूथमध्ये उत्तम प्रतीचा स्टिरिओ आवाज एकाच दिशेने जातो. इअरबड्सचा माइक सुरू झाला की यंत्रणा कॉलसाठी आखलेल्या हँड्स-फ्री प्रोफाइलवर जाते, जिथे बहुधा सेकंदाला आवाजाचे ८ किंवा १६ हजार नमुने घेतले जातात, तर संगीतासाठी ही संख्या ४४ हजारांहून अधिक असते. उपाय सोपा आहे: बैठकीच्या सेटिंगमध्ये आवाजासाठी इअरबड्स आणि माइकसाठी संगणकाचा स्वतःचा माइक निवडावा. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण बरीच कमी होते, मात्र ती पद्धत संगणक आणि इअरबड्स या दोन्हींमध्ये असावी लागते.

एकच बड बंद: चार्जिंगचे ठिपके आधी पाहा

एक बाजू पूर्ण मुकी असेल, तर सेटिंग्जच्या आधी केसमध्ये डोकवावे. बडच्या दांडीवर किंवा पोटाशी दोन-तीन बारीक धातूचे ठिपके असतात आणि केसच्या खोबणीत त्यांच्या समोर तितक्याच टाचण्या असतात. त्या स्प्रिंगवर असल्याने बोटाने हलकेच दाबल्यावर आत जाऊन वर येतात. घाम आणि कानातला मळ यांचा पातळ थर या ठिपक्यांवर बसला, की बड रात्रभर केसमध्ये राहूनही चार्ज होत नाही. केस बंद केल्यावरही फोन त्या बडशी जोडलेलाच दिसत असेल, तर बडला आपण केसमध्ये आहोत याचा पत्ताच लागलेला नाही, असे समजावे. कोरडा कापसाचा बोळा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलसर केलेली कापसाची काडी ठिपक्यांवरून फिरवावी, ते पूर्ण वाळू द्यावेत आणि मगच बड आत ठेवावा. टाचणी किंवा चाकूचे टोक वापरू नये. धातूवरचा मुलामा एकदा खरवडला गेला, की गंज चढायला वेळ लागत नाही.

नव्या कोऱ्या इअरबड्सची बात निराळी आहे. अनेक मॉडेलमध्ये या ठिपक्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकची चिकटपट्टी लावलेली असते, ती काढायची राहून जाते आणि वस्तू सदोष आहे म्हणून परत पाठवली जाते.

वेगळ्या विकत घेतलेल्या टिप (बडच्या टोकावरची, कानात जाणारी मऊ टोपणे) बसवल्यानंतर चार्जिंग बिघडणे हाही वारंवार आढळणारा प्रकार आहे. टिप जरा जाड किंवा लांब असली, की केसचे झाकण बंद होते खरे, पण बड खोबणीत तळापर्यंत टेकत नाही. टिप बदलल्यावर केसमध्ये ठेवलेल्या प्रत्येक बडचे चार्जिंग सुरू झाल्याचे फोनच्या पडद्यावर पाहून घ्यावे.

आवाज तुटतो तो कोठे तुटतो?

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. याच पट्ट्यात वाय-फायही असते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधून निसटणारा गोंगाटही. त्यावर उपाय म्हणून ब्लूटूथ एका वाहिनीवर थांबतच नाही. पारंपरिक पद्धतीत ७९ वाहिन्यांमध्ये ते सेकंदाला १६०० वेळांपर्यंत उड्या मारते आणि गजबजलेल्या वाहिन्या टाळते. त्यामुळे साध्या घरगुती वापरात वाय-फायमुळे आवाज तुटण्याचे प्रमाण लोक समजतात त्यापेक्षा कमी असते. राउटरला अगदी चिकटून बसण्याची सवय असेल, तर फोन वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर न्यावा. लॅपटॉपला यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडलेली असतानाच आवाज फाटत असेल, तर ती डिस्क आणि तिची केबल थोडी दूर सरकवून पाहावी, कारण त्या जोडणीतून याच पट्ट्यात गोंगाट निर्माण होतो.

खरा अडथळा बहुतेक वेळा आपले शरीर असते. शरीरातले पाणी या लहरी चांगल्याच शोषून घेते. म्हणूनच घरात सुरळीत चालणारे इअरबड्स मोकळ्या मैदानात चालताना तुटू लागतात आणि ऐकणारा बुचकळ्यात पडतो. वास्तविक घरात लहरी भिंतींवरून परावर्तित होऊन कानापर्यंत पोहोचतात, तर मैदानात तसा आधार नसतो आणि मागच्या खिशातला फोन थेट शरीराच्या आडोशाला जातो. फोन पुढच्या किंवा छातीजवळच्या खिशात ठेवावा, अथवा खिशाची बाजू बदलून पाहावी. बऱ्याच मॉडेलमध्ये एक बड मुख्य असतो आणि फोन त्याच बाजूला असल्यास स्पष्ट फरक पडतो. उच्च प्रतीचे कोडेक (आवाज आकुंचित करून पाठवण्याची पद्धत) निवडलेले असेल, तर तेही सैल करावे. एलडॅक हे असे कोडेक सर्वाधिक प्रतीवर सेकंदाला ९९० किलोबिट पाठवते, आणि गर्दीच्या ठिकाणी एवढा मजकूर धडपणे पोहोचणे अवघड असते. गर्दीत चालताना प्रतीपेक्षा सलगपणा महत्त्वाचा, हे मान्य करून एलडॅकच्या ३३० किलोबिटवर किंवा एएसी या साध्या कोडेकवर समाधान मानलेले बरे.

फिटिंगच्या चुका, ज्या कनेक्शनच्या वाटतात

अनेक इअरबड्समध्ये कानात घातल्याचे ओळखणारा संवेदक असतो. बड सैल असेल, तर चालताना किंवा बोलताना तो किंचित बाहेर सरकतो, संवेदकाला वाटते की बड काढला आणि गाणे थांबते. बड आत ढकलला की पुन्हा सुरू. काही वेळा उलटेही होते: घसरणारा बड सावरण्यासाठी लावलेले बोट स्पर्शाच्या जागेवर पडते आणि गाणे थांबते, पुढचे लागते किंवा कॉल कट होतो. यातली कोणतीही गोष्ट ब्लूटूथची नाही. इअरबड्सच्या ॲपमध्ये जाऊन कानातली ओळख आणि स्पर्श-नियंत्रण ही दोन्ही तात्पुरती बंद करून एक दिवस वापरून पाहावे. तक्रार गेली, तर फोनच्या मागे लागणे सोडून टिपकडे वळावे.

टिपच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक म्हणजे खोक्यातून आलेली मधल्या मापाची टिप कायम वापरत राहणे. डावा आणि उजवा कान तंतोतंत सारखे असतीलच असे नाही, त्यामुळे एका बाजूला मध्यम आणि दुसऱ्या बाजूला लहान टिप लावण्यात काहीही गैर नाही. बड पडतो म्हणून मोठी टिप घेण्याकडे लोकांचा ओढा असतो. परंतु जी टिप आतच शिरत नाही ती तोंडाशीच अडकते आणि अधिक लवकर निसटते. अशा वेळी एक माप लहान घेऊन बड नीट आत बसवल्यास तो अनेकदा जास्त घट्ट राहतो.

बसवण्याची पद्धतही बघा. कानाची नळी सरळ नसते, तिला हलके वळण असते. विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी (बाहेरच्या कानाचा वरचा भाग) वर आणि किंचित मागे ओढली, की ते वळण बरेचसे सरळ होते. त्याच स्थितीत बड आत सरकवून दांडी तोंडाच्या दिशेने थोडी फिरवावी आणि मग पाळी सोडावी. पाळी सोडताच बाहेरचा आवाज एकदम दबला, तर कान नीट बंद झाला असे समजावे. फोमच्या टिप असतील, तर त्या बोटांत चिमटून बारीक कराव्यात, आत घालाव्यात आणि फुगेपर्यंत साधारण अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवाव्यात. घातल्याबरोबर हात काढून घेतला, की फोम फुगताना बडला बाहेर ढकलतो आणि दोष मात्र फोमला दिला जातो.

कान नीट बंद झाला नसेल, तर सर्वांत आधी बास (खालच्या पट्टीचा आवाज) नाहीसा होतो आणि नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा गोंगाट दाबण्याची सोय) निकामी वाटू लागते. मग लोक आवाज वाढवतात, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा सुमारे ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. आवाज वाढला की हा वेळ झपाट्याने घटतो. इक्वलायझरमध्ये बास वाढवण्याआधी टिप बदलून पाहणे केव्हाही चांगले. चघळताना किंवा बोलताना जबड्याच्या हालचालीने नळीचा आकार बदलतो, म्हणून टिपची परीक्षा स्वस्थ बसून नव्हे, तर जबडा हलवून आणि चार पावले चालून घ्यावी. चालताना स्वतःची पावले डोक्यात धडधडत असतील, तर तो बंद कानाचा स्वाभाविक परिणाम आहे. तो सहन होत नसेल, तर टिप नसलेली उघड्या बनावटीची बड निवडावी, टिप सैल ठेवून तडजोड करू नये.

आवाज एकाच बाजूला हळू असेल, तर टिप काढून बडच्या तोंडावरची जाळी उजेडात धरून पाहावी. मळाने बंद झालेली जाळी कोरड्या मऊ ब्रशने, तोंड खाली ठेवून झाडावी; जाळीवर द्रव टाकू नये. जाळी स्वच्छ असेल, तर फोनच्या सुलभता सेटिंगमधला डावा-उजवा बॅलन्स मध्यावर आहे का ते पाहावे. कान स्वच्छ करायला मात्र कापसाची काडी आत घालू नये, कारण मळ आणखी आत ढकलला जातो. कान दुखत असेल, खाज सुटत असेल किंवा स्राव येत असेल, तर इअरबड्स बाजूला ठेवून कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

एवढे सगळे करूनही तक्रार राहिली, तर इअरबड्स दुसऱ्या फोनला जोडून पाहावेत. तिथेही तोच बड मुका राहिला, तर दोष बडमध्ये आहे. तिथे ठीक चालले, तर आपल्या फोनचे नेटवर्क सेटिंग रिसेट करावे, मात्र त्यात वाय-फायचे साठवलेले पासवर्डही पुसले जातात, हे आधी लक्षात घ्यावे. दोन-तीन वर्षे वापरलेल्या जोडीतला एक बड दुसऱ्यापेक्षा बराच आधी संपत असेल, तर त्याची बॅटरी थकलेली असण्याची शक्यता दाट आहे. तिच्यावर कोणत्याही रिसेटचा उपाय चालत नाही. अशा वेळी कंपनीकडे एकटा बड बदलून मिळतो का याची चौकशी करावी, आणि मिळाल्यास तो जुन्या बडशी व केसशी जुळवून देण्याची पद्धतही तिथेच विचारून घ्यावी.