देशाच्या विजेचा नकाशा काढताय? या चुका टाळा

कोयनेचा ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला भर समुद्रात पडला, तर अक्षांश-रेखांश उलटे भरले गेलेत. कोयनानगर साधारण 17.4 उत्तर, 73.75 पूर्व. रकाने अदलाबदल करा, ठिपका पाटण तालुक्यात येईल.

तिथंही थांबू नका. धरण साताऱ्यात असलं, तरी पायथ्याचं छोटं वीजगृह सोडता बाकीची वीज घाटाखाली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोफळी-अलोरे भागात तयार होते. धरणातून उच्चदाब वाहिन्या निघालेल्या दाखवल्या की सगळं जाळंच चुकतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे क्षमतेलाच वीज समजणं. कोयनेची क्षमता 1960 मेगावॉट. वर्षभर रात्रंदिवस चालली असती, तर सुमारे 1717 कोटी युनिट झाली असती. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधून दिलंय. म्हणून मागणी चढते तेव्हा कोयना चालवायची, उतरली की पाणी राखायचं. वाऱ्याच्या विजेचंही तसंच. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर आषाढात वाऱ्यापुढे उभं राहवत नाही. दिवाळीत गेलो, तर तीच पाती ढिम्म होती. तुमच्या नकाशात मात्र दोन्ही वेळी ठिपका तेवढाच! देशाचंही तसंच आहे. 2025 मध्ये स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोत (पाणी, वारा, ऊन, अणुऊर्जा वगैरे) निम्म्यावर पोचले, पण प्रत्यक्ष युनिटांत कोळसा अजून निम्म्याच्या बराच वर आहे. म्हणून मेगावॉट आणि युनिट यांचे नकाशे वेगळे काढाच, आणि युनिटांचा महिन्यागणिक काढा.

वर्तुळाची त्रिज्या थेट मेगावॉटवरून घेऊ नका. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचं, म्हणजे कोयनेच्या दीडपट; वर्तुळाचं क्षेत्रफळ मात्र सव्वादोनपट दिसतं. आकड्याचं वर्गमूळ घ्या.

सौरविजेचं शिखर सकाळी सातला दिसतंय? वेळा ग्रीनिचच्या आहेत, साडेपाच तास मिळवा.

आणि चाळकेवाडीहून सातारा शहराकडे बाण काढून ‘ही वीज इथली’ असं लिहू नका. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर 765 केव्ही वाहिनीनं दक्षिण ग्रीड, म्हणजे दक्षिणेतल्या राज्यांचं वीजजाळं, देशाच्या ग्रीडला जोडली गेली, तेव्हापासून सगळा देश 50 हर्ट्झच्या एकाच तालावर चालतो. साताऱ्यात राजवाड्यावरच्या दिव्यात पवनचक्की किती आणि कोळसा किती, हे वेगळं काढता येत नाही. बाणाऐवजी त्या वेळी ग्रीडमध्ये कुठल्या स्रोताचा किती वाटा होता, ते लिहा.