पृष्ठभागाजवळ हवेचा वेग मोजताय? या चुका टाळा

विंड टनेलच्या (चाचणीसाठी वारा सोडतात त्या बोगद्याच्या) मध्यभागी हॉट-वायर (किती थंड होते त्यावरून वेग सांगणारी तापलेली तार) आणि पिटो ट्यूब (दाबावरून वेग सांगणारी नळी) यांचे आकडे छान जुळतात, पण आत ठेवलेल्या प्लेटपासूनच्या शेवटच्या मिलिमीटरमध्ये सगळं बिघडतं. मग बहुतेक जण पुन्हा कॅलिब्रेशन (यंत्राचे आकडे ज्ञात वेगाशी जुळवणं) करत बसतात. माझं म्हणणं, आधी प्लेटपासूनचं अंतर तपासा. वारा 10 मी./से. आणि घर्षण-वेग (प्लेटवरच्या घर्षणावरून काढलेला वेग) साधारण 0.4 मी./से. असेल, तर वेग अंतराच्या प्रमाणात सरळ वाढतो तो थर जेमतेम 0.2 मि.मी. जाडीचा असतो. तिथे ‘शून्य’, म्हणजे प्लेटची नेमकी जागा, 0.05 मि.मी.ने हुकलं, तर थराच्या वरच्या टोकालाही वेग पंचवीस टक्क्यांनी चुकतो.

शून्य शोधायला प्रोब (हॉट-वायरची तार बसवलेलं मोजणीचं साधन) प्लेटला टेकवू नका. 5 मायक्रॉनची तार गेलीच म्हणून समजा. प्लेट चकचकीत असेल तर दुर्बिणीतून तार आणि तिचं प्रतिबिंब एकत्र पाहा. दोघांमधलं निम्मं अंतर म्हणजे तुमचं अंतर. हे वारा चालू ठेवूनच करा, कारण वाऱ्यात प्रोबचा दांडा थोडा वाकतो. ट्रॅव्हर्स (प्रोब सरकवणारी स्क्रूची यंत्रणा) नेहमी एकाच दिशेने फिरवा. मागे-पुढे केलंत की स्क्रूची ढिलाई आकड्यांत शिरते.

आता गंमत अशी, की प्लेटजवळ जाताना वेग कमी व्हायला हवा, पण हॉट-वायरचा आकडा एका टप्प्यानंतर उलट वाढू लागतो. तारेची उष्णता प्लेटमध्ये जाते आणि यंत्राला तो वारा वाटतो. अ‍ॅल्युमिनियमची प्लेट असेल तर हा त्रास अ‍ॅक्रिलिकपेक्षा जास्त. टनेल बंद ठेवून प्रोब जवळ नेला तरी आकडा चढताना दिसेल. मात्र स्थिर हवेतली ती वाढ सरळ वजा करून मोकळं होऊ नका. वाहत्या हवेत तिचं प्रमाण वेगळं असतं. वर वळलेले बिंदू वेग-अंतराची सरळ रेषा काढताना सोडून द्या.

पिटो ट्यूबचं दुखणं निराळं. 1 मी./से. वेगाला गतिज दाब (वेगामुळे येणारा दाब) फक्त 0.6 पास्कल, म्हणजे पाण्याच्या 0.1 मि.मी. उंचीपेक्षाही कमी; साध्या मॅनोमीटरला (दाबमापकाला) तो कळतच नाही. शिवाय प्लेटकडे वेग उतरता असला की ट्यूब स्वतःच्या मध्यापेक्षा थोड्या वरचा वेग दाखवते. त्यासाठी व्यासाच्या 0.15 पट अंतर वाढवून धरतात. प्लेटपासून दोन व्यासांच्या आत आणखी एक दुरुस्ती लागते, म्हणून चपट्या तोंडाची बारीक ट्यूब घ्या.

तापमानाकडेही लक्ष असू द्या. हवा 1 अंशाने तापली तरी हॉट-वायरचा वेग सुमारे 2 टक्के चुकतो, आणि तीच हवा फिरवणाऱ्या बंद चक्राच्या टनेलमध्ये पंखा हवा तापवतच असतो. कॅलिब्रेशन मोजणीआधी आणि नंतर, दोन्ही वेळा करा. कॅलिब्रेशनचे दोन वक्र जुळले नाहीत तर त्या दिवसाचा डेटा बाजूला ठेवा.