कंडरेसाठी तंतूंचा स्कॅफोल्ड: आधी तंतू, मग पेशी

इलेक्ट्रोस्पिनिंगचा, म्हणजे उच्च विद्युतदाबाने पॉलिमरच्या द्रावणातून बारीक तंतू ओढून स्कॅफोल्ड (पेशींना वाढायला आधार देणारा सांगाडा) बनवण्याचा प्रोजेक्ट मिळाला की नवे विद्यार्थी दुसऱ्याच आठवड्यात पेशी पेरायला निघतात. आमचा आग्रह असा, की पहिले तीन महिने पेशींना हात लावू नका. कंडरेचं काम स्नायूची ओढ हाडापर्यंत नेण्याचं. ती ओढ न पेलणाऱ्या मॅटवर, म्हणजे तंतूंच्या चादरीवर, पेशी कितीही छान वाढल्या, तरी त्यातून दुरुस्ती होत नाही.

कंडरेत टाइप-१ कोलॅजन या प्रथिनाचे तंतू एकाच दिशेने, किंचित नागमोडी असतात. लांबी साधारण २ टक्के वाढेपर्यंत नागमोड सरळ होते, मग कडकपणा एकदम चढतो आणि ८-१० टक्क्यांच्या आसपास कंडरा तुटते. म्हणून वेडेवाकडे पसरलेले तंतू इथे चालत नाहीत.

सुरुवात पीसीएलने (पॉलीकॅप्रोलॅक्टोन, शरीरात हळूहळू विरघळणारं पॉलिमर) करा. ८०,००० रेणुभाराचं १.२ ग्रॅम पीसीएल १० मिली द्रावकात, क्लोरोफॉर्म आणि डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) ३:१. झाकण घट्ट लावून रात्रभर ढवळा. क्लोरोफॉर्म उडाला की द्रावणाची तीव्रता बदलते आणि कालचे तंतू आज मिळत नाहीत. सिरिंज काचेची घ्या, कारण प्लास्टिकच्या सिरिंजमधला रबरी दट्ट्या क्लोरोफॉर्मने फुगतो आणि प्रवाह अडखळतो. बोथट टोकाची २१ गेजची सुई, ताशी १ मिली, तंतू गोळा करणाऱ्या फिरत्या ड्रमपासून १५ सेंमी, १२ ते १५ किलोव्होल्ट. सगळं फ्यूम हूडमध्ये. साध्या नायट्राइल हातमोज्यांतून क्लोरोफॉर्म फार लवकर आरपार जातो. थेंब उडाला की मोजे तिथल्या तिथे बदला.

वहीत ड्रमचे नुसते आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहू नका, पृष्ठभागाचा वेग लिहा. १० सेंमी व्यासाचा ड्रम २००० आरपीएमवर सेकंदाला साडेदहा मीटर धावतो, ५ सेंमीचा त्याच आरपीएमवर जेमतेम सव्वापाच. पीसीएलचे तंतू नीट एका दिशेला लागायला आठ-दहा मीटरच्या घरात जावं लागतं. फार वर गेलात तर तंतू तुटायला लागतात.

तंतूंवर मणी दिसले तर आधी पॉलिमरचं प्रमाण वाढवून बघा. तंतू एकमेकांना चिकटून सपाट झाले असतील तर द्रावक ओला राहतोय. अंतर वाढवा किंवा प्रवाह कमी करा. मुंबई-कोकणातल्या जुलैत तंतूंवर बारीक खड्डे पडतात, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. आर्द्रता ४०-५० टक्क्यांत ठेवता येत नसेल तर निदान रोज नोंदवा. पुढे दोन बॅच जुळत नाहीत तेव्हा हीच नोंद कामाला येते.

आता मोजमाप. सर्वांत जास्त चुका इथे होतात. मॅट सच्छिद्र असते, मायक्रोमीटरने दाबली जाते आणि जाडी खोटी येते. म्हणून पट्टीचं वजनही घ्या. समजा ३० मिमी लांब, ५ मिमी रुंद पट्टी १५ मिलिग्रॅम भरली. पीसीएलची घनता १.१४५ धरली तर पॉलिमरचं आकारमान १३.१ घन मिमी, म्हणजे छेदाचं खरं क्षेत्रफळ ०.४४ चौरस मिमी. मायक्रोमीटर ०.५ मिमी जाडी दाखवत असेल तर वरवरचं क्षेत्रफळ २.५ येतं. त्याच बलाला दोन उत्तरं, जवळजवळ सहापट फरकाची! कुठलं क्षेत्रफळ वापरलं ते लिहिलं नाही तर इतरांच्या आकड्यांशी तुलनाच करता येत नाही. पट्टी जबड्याजवळ तुटली तर तो नमुना बाद. टोकांना सँडपेपर चिकटवून पुन्हा करा. चाचणी ओल्या पट्टीवर, ३७ अंशांना. खोलीतले कोरडे आकडे दिसायला चांगले असतात, शरीरात त्यांचा उपयोग नाही.

विरघळण्याचा वेग हा पॉलिमर निवडण्याचा खरा निकष आहे. कंडरा भरून यायला महिने लागतात आणि नंतरही वर्षभर तिची बांधणी बदलत राहते. ५०:५० पीएलजीए (लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचं निम्मं-निम्मं पॉलिमर) एक-दोन महिन्यांत जातं, शिवाय आम्ल सोडतं. पीसीएल दोन-तीन वर्षं राहतं. तेवढा काळ भार तेच उचलत राहिलं तर नव्या कोलॅजनला ओढच मिळत नाही आणि ते अशक्त राहतं. टाक्यांच्या धाग्यात वापरतात ते पॉलीडायॉक्सॅनोन या दोहोंच्या मधलं. पट्ट्या ३७ अंशांच्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावण) ठेवून दर आठवड्याला बफर बदला आणि वजनाबरोबर ताकदही मोजा. वजन तसंच असताना ताकद आधी निघून जाते.

एवढं झालं की पेशी. मॅट निर्वात कपाटात दोन दिवस ठेवून द्रावक काढा. ऑटोक्लेव्ह कधीच नको, पीसीएल ६० अंशांला वितळतं. ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा तास, मग पीबीएसने तीनदा धुणं. मध्ये सुकू देऊ नका, नाहीतर पाणी पुन्हा आत शिरत नाही. चौरस सेंमीला १० ते २० हजार पेशी थोड्याशा माध्यमात टाका, तास-दोन तास चिकटू द्या, मग विहीर (पेशी वाढवायच्या प्लेटमधला खळगा) भरा. टेनोसाइट (कंडरेच्या पेशी) तिसऱ्या-चौथ्या पॅसेजनंतर, म्हणजे नव्या भांड्यात तितक्यांदा हलवल्यावर, आपली ओळख हरवू लागतात. स्क्लेरॅक्सिस आणि टेनोमोड्युलिन या कंडरा-पेशींच्या ओळखखुणा तपासत राहा.

पेशी पृष्ठभागावरच राहिल्या तर दोष त्यांचा नाही. एक मायक्रॉनच्या तंतूंमधली छिद्रं पेशीपेक्षा लहान असतात. दुसऱ्या सुईतून पीईओचे (पॉलीइथिलीन ऑक्साइड) तंतू सोबत काता. पाण्यात ते विरघळले की आत जायला वाट होते. त्यात ताकद थोडी जाते, म्हणून ओढचाचणी पुन्हा करावी लागते.

उंदरांपर्यंत जायचं असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडचा अर्ज पहिल्याच सत्रात टाका. मंजुरीला लागणारे महिने तंतूंच्या कामात निघून जातात.