जास्वंदीचं नवं वाण करताय? पाऊस लागण्याआधी निवडलेल्या रोपाची कलमं बांधा

पाऊस तोंडावर आला आहे. संकराच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून तुम्ही एखादं रोप निवडून ठेवलं असेल आणि त्याचं अजून एकही कलम बांधलं नसेल, तर हातातलं काम बाजूला ठेवा. छाटणी, खत, नवे संकर हे सगळं आठवडाभर मागे पडलं तरी चालेल. कलम मागे पडून चालणार नाही.

बागेसाठी शोभेच्या झुडपांची नवी वाणं करणारे लोक संकर मन लावून करतात. बोंड जपतात, बी उगवलं की आनंदाने सांगतात, पहिलं फूल आलं की सगळ्या बाजूंनी फोटो काढतात. पण ते फूल ज्याला आलं ते रोप मात्र एकाच पिशवीत, एकाच जागी, एकटं उभं असतं. ‘जरा अंग धरू दे, मग कलम करू’ म्हणेपर्यंत झड लागते. पिशवीतलं पाणी निघत नाही, मुळं गुदमरतात, बुरशी शिरते आणि रोप जातं. दर पावसाळ्यात मी हे पाहतो. गेलेली रोपं बहुतेक वेळा सर्वांत चांगली असतात, कारण लाडक्या रोपालाच पाणी आणि खत जास्त पडतं.

‘आई-बाप झाडं आहेत की, तोच संकर पुन्हा करू’ ही समजूत इथे उपयोगाची नाही. बागेतल्या जास्वंदी मुळातच कित्येक पिढ्यांच्या संकरातून आलेल्या आहेत आणि त्यांच्यात गुणसूत्रांचे संच दोनपेक्षा जास्त असतात. त्यामुळे प्रत्येक बीमध्ये गुणांची मांडणी नव्याने होते. एकाच बोंडातल्या बियांची रोपं शेजारी लावून बघा: एक पिवळं, एक विटकरी, एक आईसारखं, एक कुणासारखंच नाही. तीच जोडी शंभर वेळा जुळवली तरी तुमच्या मनात बसलेलं फूल परत मिळेल याची खात्री नाही. निवडलेल्या रोपाचं स्वतःचं बी पेरूनही ते मिळत नाही. ते वाण म्हणजे ते एकच रोप, आणि त्याची फांदी हेच त्याचं बियाणं.

काही वाणांना तर बी जवळजवळ धरतच नाही. डोनाल्ड इगॉल्फ यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात थंडी सोसणाऱ्या हिबिस्कस सिरियाकस या जास्वंदीवर काम केलं. त्यांचं ‘डायना’ हे पांढऱ्या मोठ्या फुलांचं वाण 1963 साली आलं. त्याला बी जवळजवळ येत नाही, म्हणून बागेत त्याची रोपं उगवून पसरत नाहीत आणि झाडाची ताकद फुलांकडे जाते. शोभेच्या झुडपाला हा मोठाच गुण आहे. पण असं झुडूप टिकतं ते फक्त कलमांवर. सुरुवातीचं एकुलतं एक रोप कुजलं असतं तर मागे काहीही उरलं नसतं.

आता कलम कसं करायचं ते. रोपाचं वय आणि मुळांचा जोम पाहून तीन वाटा आहेत.

रोप लहान आणि एकाच खोडाचं असेल तर छाट कलम. शेंडा कापायला जीव होत नाही हे मला माहीत आहे. फूल लांबेल अशी भीती वाटते. तरीही कापा. खाली फुटवे येतील, झुडूप दाट होईल आणि तुमच्या हातात दोन-तीन काड्या येतील. काडी अर्धवट पक्की, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, तीन ते चार डोळ्यांची घ्या. फुलावर असलेली फांदी टाळा. खालची पानं काढा, वरची दोन अर्धी कापा. आयबीए या मुळं फुटवणाऱ्या संप्रेरकाच्या 2000 पीपीएम (दर लिटरला 2000 मिलिग्रॅम) द्रावणात खालचं टोक पाच ते दहा सेकंद बुडवा. द्रावण घरी करता येतं: 200 मिलिग्रॅम आयबीए आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा, मग पाणी घालून 100 मिली करा. मुळं फुटण्याचं द्रव म्हणून रंगीत बाटल्या विकायला येतात. ज्या बाटलीवर घटक आणि त्याचं प्रमाण छापलेलं नाही, ती घेऊ नका.

झुडपाला फांद्या असतील तर गुटी कलम, आणि पावसाळी हवा त्याला चांगली मानवते. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरची दोन ते अडीच सेंटिमीटर साल गोल काढा. आतला गुळगुळीत ओला थर सुरीच्या पाठीने नीट खरवडा. इथे हात हलका ठेवला की साल पुन्हा जुळते आणि महिनाभराने गुटी सोडल्यावर आत नुसती गाठ दिसते. ओलं शेवाळ मुठीत घट्ट पिळून लावा, प्लास्टिकने गुंडाळा आणि वरची गाठ पक्की बांधा, म्हणजे पावसाचं पाणी आत उतरणार नाही. सहा ते आठ आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. पूर्वेकडच्या, सकाळचं ऊन मिळणाऱ्या फांद्यांवर मुळं लवकर येतात असा माझा अनुभव आहे. निवड असेल तर त्या बाजूची फांदी घ्या.

तिसरी वाट पाचर कलम, म्हणजे काडीचं टोक पाचरीसारखं कापून दुसऱ्या मुळं असलेल्या रोपाच्या, म्हणजे खुंटाच्या, चिरेत बसवणं. मोठ्या फुलांच्या, फुलात मधोमध गडद ठिपका असलेल्या कितीतरी संकरांची स्वतःची मुळं दुबळी असतात. त्यांना साध्या, एकेरी लाल जास्वंदीचा दणकट खुंट द्या. कलमकाडी सहा ते आठ सेंटिमीटरची, काप एका झटक्यात, निदान एका बाजूची साल सालीला भिडलेली. पट्टी बांधून वरून पारदर्शक पिशवी चढवा आणि सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत डोळे फुगतात.

प्रत्येक रोपानंतर पातं सत्तर टक्के अल्कोहोलने पुसा. हिबिस्कस क्लोरोटिक रिंगस्पॉट हा विषाणू कात्रीवरूनही एका झाडातून दुसऱ्यात जातो आणि त्याच्यावर औषध नाही.

कलमं किती बांधायची? निदान तीन जगली पाहिजेत, म्हणून सहा बांधा. आणि ती दोन जागी ठेवा. आईच्या शेजारी, त्याच वाफ्यात, त्याच नळीच्या पाण्यावर ठेवलेलं कलम आईबरोबरच जातं. एक संच ओळखीच्या माणसाकडे द्या, पण त्याने पुढे कुणाला देऊ नये असं लेखी ठरवून. कारण पुढे येतं.

कलम लवकर करण्याचा आणखी एक फायदा आहे. बागेसाठीचं झुडूप कलमावर सहज यायला हवं, नाहीतर कितीही सुंदर असलं तरी रोपवाटिका ते वाढवणार नाही. सहा काड्यांपैकी एकही रुजली नाही, तर वाणाबद्दलची सर्वांत महत्त्वाची माहिती तुम्हाला दोन वर्षं आधी कळली.

पावसाआधी पिशव्यांसाठी:

– पिशव्या विटांवर किंवा जाळीवर, जमिनीला न टेकता
– तळाची भोकं काडीने मोकळी
– नुसतं कोकोपीट नको; जाड वाळू किंवा भाताचं तूस मिसळा
– वर प्लास्टिक, बाजू उघड्या
– पिशव्यांत हात जाईल एवढं अंतर
– झड चालू असताना खत बंद, नत्र तर नाहीच

मूळकूज ओळखायची खूण अशी. आभाळ भरलेलं, माती ओली, ऊन नाही, तरी पानं मान टाकतात. इथे हमखास घात होतो, कारण पानं सुकलेली दिसताच माणूस पाणी घालतो. आधी पिशवी उचलून बघा. जड लागली तर पाणी नको. बाजूने माती सारून एक बारीक मूळ दोन बोटांत धरून ओढा. निरोगी मूळ पांढरं असतं आणि ताणलं की तटकन तुटतं. कुजलेल्या मुळाची तपकिरी साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो. मातीला नाल्याचा वास येतो. अशा वेळी दुकानदार तुम्हाला बूस्टर, ह्युमिक, अमिनो आणि आणखी एखादं टॉनिक एकत्र देईल. मुळंच नाहीत तर ते घेणार कोण? ते मातीत पडून राहतं आणि बुरशीला फावतं.

शिफारशीची मात्रा: पाऊस लागण्याआधी ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी 5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणं. मर दिसू लागल्यास कॉपर ऑक्सिक्लोराईड 2.5 ते 3 ग्रॅम प्रति लिटर आळवणी, किंवा फायटोफ्थोरा या मूळ कुजवणाऱ्या रोगजंतूची शंका असल्यास मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेब हे मिश्र बुरशीनाशक 2 ग्रॅम प्रति लिटर. ट्रायकोडर्मा आणि तांबं एकत्र देऊ नका. तांब्याने ट्रायकोडर्माही मरतो. दोन्हींत पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. पण मुळाशी पाणी साचत असेल तर यातलं काहीही रोप वाचवणार नाही, आणि कलम बांधलेलं असेल तर यातलं बरंचसं लागणारही नाही.

झड चालू असेपर्यंत नवे संकर करू नका. भिजलेले पराग वाया जातात. कडक उन्हाळ्यातही बोंडं गळतात. कोरडी, सौम्य हवा आली की:

– आईफूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे, परागकोश फुटण्याआधी, पुंकेसर छोट्या कात्रीने काढा
– बापफुलाचे पराग सकाळी, मोकळे झाल्यावर घ्या
– पाचही कुक्षींवर लावा
– चिठ्ठी: आईचं नाव आधी, मग बापाचं, तारीख; पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई उन्हात जाते
– बोंडाला जाळीची पिशवी. सहा ते आठ आठवड्यांत ते तडकतं
– बियांच्या कवचाला हलकी चीर, रात्रभर भिजवणं, मग पेरणी
– मावा व पिठ्या ढेकूण दिसताच निंबोळी अर्क 5 टक्के, पानांच्या खालूनही

निवडीबद्दल मात्र थोडं सविस्तर. पहिल्या फुलावर रोप निवडू नका आणि टाकूही नका. पहिली फुलं बऱ्याचदा लहान आणि रंगाने फिकी येतात. शिवाय बागेतलं झुडूप लोक दहा पावलांवरून पाहतात. तिथून एका फुलाची नक्षी दिसत नाही. दिसतं ते पानांचं आरोग्य, बुंध्यापासूनचं दाटपण, एका वेळी किती फुलं उघडी आहेत आणि कोमेजलेली फुलं आपोआप गळतात की फांदीवर चिकटून राहतात. ताटाएवढं फूल देणारं, पण काठीसारखं सरळ वाढणारं रोप कुंडीवाल्यांसाठी ठेवा.

रोगाला न जुमानणारं साधं रोप टाकण्याआधी एक उदाहरण लक्षात घ्या. क्रेप मर्टल या शोभेच्या फुलझुडपावर भुरी फार येते. अमेरिकी वनस्पतीसंग्राहक जॉन क्रीच यांनी जपानच्या याकुशिमा बेटावरून 1956 साली लेजरस्ट्रोमिया फॉरिई या त्याच कुळातल्या जातीचं बी आणलं. तिची फुलं लहान, पांढरी. नुसत्या फुलावर कुणी तिला निवडलं नसतं. पण तिच्यात भुरीला दाद न देण्याची ताकद होती. इगॉल्फ यांनी तिचे संकर करून 1978 साली ‘नॅचेझ’सारखी वाणं दिली, आणि दालचिनीच्या रंगाचं देखणं खोडही तिच्याकडूनच आलं. तुमच्या ओळीत भर पावसात हिरवंगार राहिलेलं, फुलाने सामान्य असं रोप असेल तर त्याचंही कलम बांधा. पुढच्या संकराला बाप म्हणून ते लागेल.

कलमं जगली की विकण्याची घाई नको. वाणाच्या हक्कासाठी ते वेगळं, एकसारखं आणि स्थिर असावं लागतं, शिवाय नवंही. युपोव्ह या नव्या वाणांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या 1991 च्या आवृत्तीप्रमाणे अर्जाच्या एका वर्षाहून आधी आपल्या देशात त्याची विक्री झालेली चालत नाही. परदेशातल्या विक्रीला चार वर्षं, झाडं आणि वेलींना सहा. एखाद्या रोपवाटिकेला चार रोपं दिली, तिने ती विकली आणि तारीख कुठेच लिहिलेली नाही, अशी वेळ येऊ देऊ नका. ओळखीच्या माणसाशी लेखी ठरवायला सांगितलं ते यासाठीच.

आणि ज्यांचं निवडलेलं रोप आजच मान टाकून उभं आहे, त्यांनी आधी कात्री घ्यावी, औषध नंतर. मूळ कुजलं तरी वरची फांदी दोन-तीन दिवस जिवंत असते. नखाने साल खरवडा. हिरवी दिसते तिथपर्यंतच्या सगळ्या काड्या कापा, पानं काढून टाका, स्वच्छ पाण्यात सावलीत तासभर ठेवा आणि मिळेल त्या निरोगी खुंटावर पाचर कलम करा. अशी काडी जमिनीत सहसा रुजत नाही. खुंटावर धरण्याची शक्यता बरीच जास्त. प्रत्येक कलमाला मूळ रोपाचीच चिठ्ठी लावा. जुन्या पिशवीतली माती दुसऱ्या कुठल्याही रोपाला वापरू नका, पिशवीही नाही.