शेठजींचं चरित्र लिहायला घेताय?

सोलापुरात एकसष्टी आणि अमृतमहोत्सवाला तोटा नाही, त्यामुळे गौरव अंक लिहून देणाऱ्यालाही कामाचा तोटा नाही. चादरी-टॉवेलचे कारखानदार, अडत दुकानदार, बँकेचे माजी चेअरमन अशांची आयुष्यं मी बरीच वर्षं लिहून देतोय. यांतलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे आधी धंदा, मग मोठं पद, मग निवडणूक असा प्रवास केलेला माणूस. कारण तो तुमच्या हातात कागद ठेवतो त्यावर आधीच लिहिलेलं असतं, 'खडतर परिस्थितीवर मात करून यशाची उत्तुंग शिखरे'. तो कागद घ्या, चहा प्या, आणि घरी येऊन बाजूला ठेवा.

गावातल्या कुणाचं उदाहरण दिलं तर संध्याकाळपर्यंत फोन येईल, म्हणून लांबचा माणूस घेतो. न्यूयॉर्कचे रोनाल्ड लॉडर. उद्योजक, राजदूत आणि उमेदवार, तिन्ही एकाच माणसात.

आधी रजिस्टरच्या पानावर तीन रकाने आखा. वर्ष, काय झालं, आणि तिसरा रकाना 'कुणी नेमलं'. पहिले दोन सगळेच भरतात, चरित्र मात्र तिसऱ्यात असतं. लॉडर यांचा जन्म 1944चा. 1964 साली ते आईच्या, म्हणजे एस्टे लॉडर यांच्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत कामाला लागले. नेमणूक घरची. 1983 साली संरक्षण खात्यात पद, नेमणूक रेगन सरकारची. 1986 साली ऑस्ट्रियात राजदूत, नाव राष्ट्राध्यक्षांनी दिलं, मंजुरी सिनेटची. 1989 साली न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत उभे. इथे नेमणारे मतदार, आणि त्यांनी नेमलं नाही. आईबाप, सरकार, मतदार असे तीन वेगवेगळे परीक्षक एका पानावर दिसले की 'शून्यातून विश्व' हे शब्द आपोआप गळतात.

आपल्या वाचकाला राजदूत म्हटलं की यूपीएससी आठवते. म्हणून एक-दोन वाक्यांत सांगून टाका, की अमेरिकेत परराष्ट्र सेवेबाहेरच्या उद्योगपतींना आणि पक्षाच्या देणगीदारांना राजदूत करण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडेही दाखले आहेत, आणि एक तर सोलापूरच्या उंबऱ्यापर्यंत येतो. आपले वालचंद हिराचंद, जन्म 1882, सोलापूर. त्यांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज 1919 साली मुंबईहून निघालं, त्याच कंपनीत घडलेले गगनविहारी मेहता 1952 ते 1958 अमेरिकेत भारताचे राजदूत होते. टाटांकडे काम केलेले मिनू मसानी 1948 साली ब्राझीलला राजदूत म्हणून गेले, पुढे लोकसभेवर निवडून आले आणि 1971 साली राजकोटला पडले. असा एखादा जवळचा धागा घातला की न्यूयॉर्क परकं वाटत नाही.

आता प्रत्येक भूमिकेतला एकच प्रसंग निवडा आणि तो नीट सांगा. राजदूत लॉडर यांच्यासाठी मी 1986चा जुलै घेईन. कुर्ट वाल्डहाइम ऑस्ट्रियाचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव, पण युद्धकाळात जर्मन सैन्यातली त्यांची काही वर्षं झाकलेली होती, ती प्रचारातच उघडी पडली. लॉडर ज्यू. ते शपथविधीला गेलेच नाहीत. पाहुण्या देशाच्या राजदूताने रिकामी ठेवलेली खुर्ची! ही एक ओळ 'त्यांनी दोन्ही देशांचे संबंध दृढ केले' या दहा ओळींना भारी आहे.

कारण जोडताना मात्र हात आखडा. लॉडर यांनी 2001 साली न्यूयॉर्कमध्ये जर्मन आणि ऑस्ट्रियन कलेचं नोये गॅलरी हे संग्रहालय उघडलं आणि 2006 साली त्यासाठी ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टने काढलेलं अडेले नावाच्या बाईचं सोनेरी चित्र घेतलं. व्हिएन्नात राजदूत होते म्हणून हा नाद लागला, असं लिहायला बोटं शिवशिवतात. पण हा नाद त्यांना पोरवयापासूनचा. 'म्हणून' हा शब्द लिहिण्याआधी रजिस्टरमधली वर्षं पाहा.

पराभवाला अख्खं पान द्या. घरचे सांगतात, 'मास्तर, थोडक्यात पडले, तेवढं गाळा.' गाळू नका. लॉडर यांनी घरचा पैसा पाण्यासारखा ओतला आणि प्राथमिक निवडणुकीतले प्रतिस्पर्धी रूडी जुलियानींना त्यांच्या सुमारे दुप्पट मतं पडली. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत जुलियानीही डेमोक्रॅटिक पक्षाच्या डेव्हिड डिंकिन्स यांच्याकडून हरले, हे बहुतेक जण लिहायचं विसरतात. त्यापुढची गोष्ट तर अजून रंगतदार. 1993 साली शहरातल्या निवडून आलेल्यांना दोनच कार्यकाळ मिळावेत, या सार्वमतामागे लॉडर यांनी ताकद लावली आणि ते मंजूर झालं. 2008 साली महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांना तिसऱ्यांदा उभं राहायचं होतं, तेव्हा याच लॉडर यांनी आपल्याच दोन कार्यकाळांच्या आग्रहातून माघार घेतली. गौरव अंकात हे बसतं का? बसतं. फक्त विशेषणं न लावता लिहायचं.

तुमचा उमेदवार इथला असेल तर आकडे घरच्यांना विचारू नका. निवडणूक आयोगाच्या निकालपत्रात प्रत्येकाची मतं असतात. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मिळाली नसतील, तर पडलेल्या उमेदवाराची अनामत गेली, हिशेब साधा आहे. अर्जासोबतचं नमुना 26चं शपथपत्र जरूर मिळवा. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं त्यात स्वतःच्या सहीने दिलेलं असतं. भाषणात इंजिनिअर म्हणवणारे शेठजी शपथपत्रात काय भरतात, ते एकदा ताडून पाहा.

मुलाखतीला शेठजींच्या आधी जुन्या मुनीमजींना गाठा, आणि दुपारी गाठा, मुलं दुकानात नसतात तेव्हा. कुठल्या साली माग विकले, कुठल्या निवडणुकीत पगार आठवडाभर लांबला, हे त्यांच्या तोंडपाठ असतं. त्यांचं नाव छापायचं नाही, तारीख तेवढी रजिस्टरात घ्यायची.

कच्चा मजकूर घरच्यांना दाखवताना नुसता वाचून दाखवा, फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, नाहीतर जावयापर्यंत सगळे दुरुस्त्या करत बसतात. आणि मानधन निम्मं आधी घ्या. निवडणूक लढवलेल्या घरात तर सगळंच आधी.